अक्षरामागे चार पौंड

माझ्याकडे अक्षरामागे चार पौंड पडतात.
डेथ वीस पौंडांत होतो, एंजलही वीसच,
आमच्या भाषेत दोघांची अक्षरं पाच पाच.
पण डेथ कुणी कोरून घेत नाही.
‘झोपली असं लिहा.’
‘घरी गेला असं लिहा.’
मी लिहितो. छिन्नीला काय त्याचं,
वालुकाश्म खोटंसुद्धा तेवढंच घट्ट धरून ठेवतो.

बेव्हर्लीच्या उत्तरेला उतारावर माझी शेड.
शनिवारी थर्झा ब्रॅम्ली येते,
चाळीस वर्षं शाळेत लॅटिन शिकवून रिकामी झालेली.
दगडाच्या भुकटीत बोट फिरवत
शब्दांची कुळी काढत बसते.

कॉफिन, म्हणे, मुळात ग्रीकांची टोपली.
आणि हर्स, ती लांबलचक काळी गाडी,
ज्यात आपण एकदाच बसतो, तेही आडवे,
तो मुळात कुळव. दातेरी, ढेकळं फोडणारा.
आणि त्याहून जुन्या, कुणी न बोलणाऱ्या बोलीत
ते दात लांडग्याचे.

‘म्हणजे माझ्या आईला लांडग्यानं नेलं?’
‘कुळवानं,’ ती म्हणाली,
‘पेरणीआधी फिरवतात ना, तो.’

मरायला आमचा स्वतःचा शब्दही उरला नाही.
डाय बहुधा गलबतांतून आला,
उत्तरेच्या लोकांबरोबर, कुऱ्हाडींबरोबर.
त्याआधी इथली माणसं स्टार्व्ह व्हायची,
म्हणजे नुसती मरायची, भरल्या पोटीसुद्धा.
जागा गेली तसा तो शब्द
भुकेच्या दारात जाऊन बसला.
आता पोर शाळेतून येतं, दप्तर फेकतं,
ओरडतं, स्टार्व्ह झालो!
कुणी दचकत नाही.
आई पाव कापते.

मग वडील गेले. क्लेमेंट ऑड्स्ली, वय त्र्याण्णव.

चव्वेचाळीस साली, सोळाव्या वर्षी
ते पोस्टात तारा वाटत.
लाल सायकल, कमरेला चामडी पाकीट,
डोक्याला मोठी होणारी टोपी.
ते गल्लीत वळले की पडदे हलत.
बायका उंबऱ्यावर येऊन थिजत,
आणि ओठ न हलवता म्हणत,
पुढच्या घरी. पुढच्या घरी जा.
चाक पुढे गेलं की हसू फुटे,
आणि मग शेजारणीकडे बघवत नसे.

एकीनं तार घेतली, उघडली नाही.
फळीवर, घड्याळामागे उभी केली.
‘दमला असशील,’ म्हणाली,
आणि रेशनची साखर दोन चमचे घालून
त्यांना चहा दिला.
ते सावकाश प्याले.
फार सावकाश, गार होईपर्यंत.
तेवढा वेळ तिचा मुलगा जिवंत होता.

हे त्यांनी मला एकदाच सांगितलं,
शेडमध्ये पाना शोधताना.
पाना सापडला, विषय संपला.

थर्झाला मी हे कधी बोललो नव्हतो.
वडिलांचा दगड उभा केला तेव्हा
ती आपल्याच नादात म्हणाली,
‘एंजलला पंख मागाहून लावले रे.
शब्दात पंख नाहीत.
एंजल म्हणजे सांगावा आणणारा. एवढंच.
काही म्हणतात, ग्रीकांनी तो
पूर्वेच्या डाकस्वारांकडून उचलला,
पण खात्री कुणालाच नाही.’

मी छिन्नी खाली ठेवली.
तिला वाटलं, चहाची वेळ झाली.

चर्चच्या अंगणात दगडावर सायकल चालत नाही,
तसा लेखी नियम आहे.
एंजल चालतो.
म्हणून एंजल कोरला, नेहमीच्या मापाचा,
पाठ साधी, खांदे किंचित पुढे वाकलेले,
चढावर वाकतात तसे.
उजव्या घोट्याशी विजारीला एक क्लिप,
कापड साखळीत अडकू नये म्हणून.

खाली नाव आणि दोन सालं. झोपले नाही लिहिलं,
घरी गेलेही नाही.

पाळकबाई वाकल्या. ‘हे घोट्याशी काय?’
‘चुणी आहे,’ म्हटलं, ‘कापडाची.’
त्यांनी त्यावर अंगठा फिरवला.
बराच वेळ काही बोलल्या नाहीत.
मग म्हणाल्या, त्यांची आजी त्याच गल्लीत राहायची,
घड्याळाच्या घरापासून
तिसऱ्या दारात.